केवळबाईच्या हातचा मांडा

वैशाखाचे पहिले दिवस. बोरी नदीच्या पात्रात पाण्याचा थेंब नव्हता. तीरापासून तीरापर्यंत नुसता प्रकाश वाहत होता. शुभ्र, प्रखर, निःशब्द प्रकाश. वाळूच्या कणाकणावर तो थबकत होता, डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वेलींच्या पानापानावर पसरत होता, आणि काठ चढून निमझरी गावात शिरत होता. कडुनिंबाचा मोहोर झडून गेला होता आणि त्याच्या जागी हिरव्या, इवल्या, कडवट निंबोळ्या धरल्या होत्या. आखाजी दोन दिवसांवर आली होती.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात या सणाला लेकी माहेरी येतात. निंबाच्या फांद्यांना झोके चढतात. पितरांच्या नावानं मातीची नवी घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात, आणि घराघरांत चुलीवर पालथं खापर चढतं. त्या खापरावर पुरणाचे मांडे भाजले जातात. वर्षभराचा सासरचा शीण लेकींच्या जिभेवरून उतरवायचा, तो याच दिवशी.

त्या गावातल्या एका धाब्याच्या घरात, ओसरीवरच्या बाजेवर केवळबाई पडून होती. वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. एके काळी चाळीस गावांना मांडे खाऊ घालणारी ती बाई गेले नऊ दिवस अन्नाच्या कणाला शिवली नव्हती.

घसा मिटला नव्हता तिचा. भूकही मेली नसावी. मिटले होते ते ओठ, आणि ते तिनं स्वतः मिटले होते. ती ते उघडेल का, एवढा एकच प्रश्न त्या घरात उरला होता. सकाळी तो उगवत होता आणि संध्याकाळी तसाच मावळत होता.

आधी तिचे हात सांगायला हवेत.

लांब, सडसडीत, कोपरापर्यंत उघडे हात. चोविसाव्या वर्षी त्यांतल्या बांगड्या उतरल्या त्या उतरल्याच. बांगड्यांच्या जागी भाजल्याचे डाग आले. मनगटापासून कोपरापर्यंत फिकट, गुळगुळीत, चंद्रकोरीच्या आकाराचे डाग. तप्त खापराचा काठ जिथे जिथे टेकला, तिथे तिथे एकेक. तिची लेक सिंधू लहानपणी त्या डागांवरून बोट फिरवत फिरवत झोपी जायची.

त्या हातांवर मांडा जन्म घ्यायचा. वस्त्रगाळ गव्हाचं पीठ, मिठाच्या पाण्यात भिजवलेलं, तेलाचा हात लावून लावून, आपटून आपटून लोण्यागत मऊ केलेलं. त्याच्या दोन पाऱ्या, मध्ये पुरणाचा गोळा. पाटावर लाटणं जरासंच फिरायचं, आणि मग लाटण्याचं काम संपायचं. मग हात. उजव्यावरून डाव्यावर, डाव्यावरून उजव्यावर. मांडा फिरायचा, पसरायचा, पातळ व्हायचा. तळहाताएवढा होता तो वीतभर, वीतभर होता तो हातभर. आणि शेवटी तिच्या दोन्ही कोपरांवरून ओघळणारं एक सोनेरी, थरथरतं, पारदर्शक वर्तुळ. त्यातून पलीकडचा जाळ दिसायचा. क्षणभर ती ते हवेत तोलून धरायची आणि खापरावर अलगद सोडायची. बघणाऱ्या बायकांचा अडकलेला श्वास मांडा फुगल्यावरच सुटायचा.

तिचा मांडा कधी फाटला नाही. एकदाही नाही, असं गाव सांगतं. गावाचं सोडा, गाव काहीही सांगतं. पण कोकिळा, तिची सून, जिचा हात स्तुतीच्या बाबतीत कायम आखडलेला, तीही हेच सांगते.

आणि हे हात तिला आयते मिळाले नव्हते.

नवरा विहीर खोदताना दरड कोसळून गेला. मुलगा दौलत पाच वर्षांचा होता, सिंधू दोन वर्षांची. तेरावा उरकला, पाहुणे पांगले, तेव्हा थोरले दीर ओसरीवर बसून म्हणाले, "दौलतनी माय, आठेच ऱ्हाय. काम कर, दोन टाईम भाकर भेटी. पोरेसले बी भेटी."

वाईट माणूस नव्हता तो. इथेच राहा, असं कळवळ्यानंच बोलला होता. पण दयेच्या भाकरीला एक वास असतो, आणि तो केवळबाईच्या नाकाला तत्काळ लागला. पदराआडून ती म्हणाली, "भाकर मी करसू. मना दोन हात शेतस."

माझे दोन हात आहेत. बस, एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी एक लेकरू कडेवर, एक बोटाशी, अशी ती गावकुसाजवळच्या एका पडक्या खोलीत राहायला गेली. ते वाक्य तिनं पुढची चौसष्ट वर्षं जपलं, वापरलं, झिजवलं, आणि तरी ते तिला पुरलं.

नुसत्या हातांनी काय होतं म्हणा. निंदणी-खुरपणीचे हात गावात शेकड्यांनी होते. मांडे करणारी म्हातारी मात्र एकच होती, आणि लग्नसराईत तिच्या दाराशी बैलगाड्या खोळंबायच्या. एका लग्नात केवळबाई तिच्या शेजारी जाळ सारायला बसली. दिवसभरात तिनं लाकडं कमी सारली, आणि त्या म्हातारीचे हात जास्त पाहिले.

घरी शिकायला गहू कुठून आणायचा? गहू सणाचा, पाहुण्यांचा. ज्वारीचं पीठ ताणत नाही. मग तिनं जुन्या लुगड्याचा एक गोल तुकडा कापला, पाण्यात बुडवला, आणि पहाटे, कामावर जायच्या आधी, तो ओला तुकडा या हातावरून त्या हातावर खेळवू लागली. पौषाची काकडती पहाट. कोपरांवरून निथळणारं गार पाणी. समोर चूल नाही, खापर नाही, पुरण नाही. एका तरुण विधवेच्या हातांवर गरगर फिरणारं एक चिंधूक. शेजारणी म्हणाल्या, नवऱ्यामागे बाईचं डोकं फिरलं.

फाल्गुनात ती म्हातारी तापानं पडली. वऱ्हाड दारात, पुरण तयार, खापर लालबुंद, आणि मांडे करणारं कोणी नाही. केवळबाई उठली. पदर खोचला, हात तेलात बुडवले, आणि पहिला मांडा खापरावर टाकला. तो फुगला. तो फुगला तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, आणि धूर लागला, असं तिनं सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर बोरीकाठच्या, पांझराकाठच्या, तापीकाठच्या किती चुलींनी ते हात पाहिले. त्या हातांनी धाब्याचं घर उभं राहिलं, दौलत मास्तर झाला, सिंधू वाजतगाजत सासरी गेली. उन्हाळ्यामागून उन्हाळे आले, मांडवामागून मांडव उठले, आणि केवळबाई जाळासमोर ताठ बसून राहिली.

पण ती कुणाच्या घरचं खायची नाही. शेवटची पंगत बसली, की वरमाय तिला हाताला धरून पानावर बसवायला यायची. केवळबाई हसायची. "पाव्हनासले जेवू द्या. मी मनी भाकर लई येल शे." आणि मांडवामागे, खापर निवत असताना, फडक्यातली ज्वारीची भाकर सोडायची, त्यावर मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा. साऱ्या गावाच्या तोंडात गोड घास घालून ही कोरडी भाकर चावत बसायची. लग्नघरात बायका एकमेकींना घास भरवतात. तिला भरवायला कोणी आलं, की ती हात पुढे करायची: हातावर दे. तोंड उघडून दुसऱ्याच्या हातचा घास घेणं, हे तिच्या लेखी दिरांच्या ओसरीवर परत जाणं होतं.

हट्ट म्हणा. माज म्हणा. गावानं दोन्ही म्हटलं, आणि मांड्यांना बोलावलं ते तिलाच.

आता कोकिळा. त्रेचाळीस वर्षांपूर्वी ती या घरात दौलतची बायको म्हणून आली, तेव्हा तिनं मनाशी ठरवलं होतं, सासूच्या हातची ही कला आपण उचलायची. पहिल्या आखाजीला तिनं पीठ चाळलं, पुरण वाटलं, जाळ सारला, आणि मग लाजतलाजत हात पुढे केले. केवळबाई प्रेमानं म्हणाली, "तू बठ. मना हात शेतस ना."

दुसऱ्या आखाजीला तेच. दहाव्या आखाजीला तेच. एकदा केवळबाई परगावच्या लग्नाला गेली असता कोकिळेनं चोरून एक मांडा हातावर घेतला. तो फाटला, खापरावर गोळा होऊन जळाला. भांडी घासली, चूल सारवली, तरी केवळबाईनं परतल्यावर उंबऱ्यातच वासावरून ओळखलं. रागावली नाही ती. हसली. कोकिळेला ते हसणं फार लागलं, आणि पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

माया होती. उदंड होती. सुनेच्या बाळंतपणात मेथीचे लाडू वळणारे, तिच्या डोक्याला तेल चोळणारे हातही हेच. पण या घराचं चुकलं असेल, तर ते इथे चुकलं. त्या दोन हातांनी इतकं दिलं, इतकं केलं, की घरातल्या बाकीच्या हातांना करायला काही उरलंच नाही. सगळ्यांना घ्यायची सवय लागली, आणि तिला तर घ्यायची सवय नव्हतीच.

चैत्र वद्य सप्तमीची सकाळ होती. आखाजीच्या मांड्यांसाठी केवळबाई अंगणात गहू पाखडत होती. सूप वर गेलं, आणि हातातून सुटलं. गहू अंगणभर झाला. तिनं उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पडला होता, लांब, सडसडीत, जन्माच्या ओळखीचा, आणि एकाएकी कुणा परक्याचा. तिनं त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. तो उठला नाही. मग ती डाव्या हातानं गहू वेचू लागली. कोकिळा धावत आली, तोवर अर्धं तोंड वाकडं झालं होतं, वाचा गेली होती, आणि डावा हात मातीतून दाणा न् दाणा उचलत होता.

तालुक्याच्या दवाखान्यात तीन दिवस बाटलीतलं पाणी थेंबथेंब तिच्या अंगात उतरत राहिलं. चौथ्या दिवशी तिनं डाव्या हातानं सुई उपटून टाकली. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं पाण्याचा पेला तिच्या डाव्या हातात दिला; ती प्यायली. पेजेचा चमचा ओठांशी नेला. तिनं मान फिरवली. तो दौलतला बाहेर घेऊन गेला.

"घसा चांगला आहे. गिळता येतंय त्यांना. खायचंच नाही म्हणतायत, त्यावर मी काय औषध देऊ? नाकातून नळी घालता येईल. पण मग तो हात बांधावा लागेल, नाहीतर त्या नळी काढून टाकतील."

दौलत आत आला. त्यानं आईच्या त्या एकुलत्या जिवंत हाताकडे पाहिलं. खाटेच्या दांडीला तो हात बांधलेला डोळ्यांपुढे आणून पाहिला. तिसऱ्या प्रहरी गाडी करून त्यानं तिला घरी आणलं. आपण काही ठरवलं, असं त्याला वाटलं नाही. आपण पळालो, असंच त्याला वाटत राहिलं.

मग सुरू झाले ते वाट्यांचे दिवस. साबुदाण्याची पेज, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, दुधात कुस्करलेली भाकर, आंब्याचा रस. वाटी भरलेली यायची, भरलेली जायची. पाणी मात्र ती प्यायची. डाव्या हातानं तांब्या उचलून, सांडत, भिजत, पण स्वतः. डाव्या हातानं जेवणं? अन्नाला डावा हात लागू नये, हे तिनं तीन पिढ्यांच्या मनगटांवर चापट्या मारून शिकवलेलं. उजवा हात मेलेला. डावा वर्ज्य. आणि दुसऱ्याचा हात डाव्याहूनही वर्ज्य. तिन्ही दारांना आतून कड्या घालून ती बसली होती, आणि घरची माणसं बाहेरून दारं वाजवत होती.

रागावून झालं. विनवून झालं. देवाची भीती घालून झाली. दौलत, एकोणसत्तर वर्षांचा निवृत्त मास्तर, वाटी घेऊन बाजेच्या कडेला बसला, आणि तान्ह्या लेकराला दाखवतात तसा स्वतःच आ करून दाखवू लागला. आईनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या अपार मायेनं पाहिलं, की त्यानं वाटी खाली ठेवली. गोठ्यात गेला, आणि म्हशीच्या पाठीवर कपाळ टेकून ओक्साबोक्शी रडला.

कोकिळा रोज तिला कुशीवर वळवायची, अंग पुसायची, पातळ बदलायची. तेवढं ती करू द्यायची. डोळे मिटून, दात आवळून. रोज ती कालच्यापेक्षा हलकी लागायची. माणूस आपल्याच दोन हातांवर असं दिवसादिवसानं उणं होत जातं आणि आपल्याला काही करता येत नाही, याच्याइतकी नामुष्की दुसरी नाही. कोकिळेला रडू यायचं, आणि रडण्यापेक्षा राग यायचा.

आखाजीच्या आदल्या दिवशी सिंधू आली. साठी कधीच उलटलेली, गुडघ्यांनी अधू, स्वतः नातवंडांची आजी. पण बाजेपाशी पोचली आणि दोन वर्षांची झाली. "मी उनी ना वं माय. आते तरी तोंड उघड." केवळबाईनं डावा हात तिच्या तोंडावरून फिरवला. तोंड उघडलं नाही.

त्याच दुपारी कुंभारीण घागरी घेऊन आली. या घराला दरसाल एक घागर लागायची, केवळबाईच्या नवऱ्याच्या नावाची. कुंभारणीनं दोन उतरवल्या. म्हातारी गेली, अशीच बातमी तिच्या आळीत पसरली होती. ओसरीवर नजर गेली आणि बाजेवरचे दोन जिवंत डोळे तिला दिसले, तशी ती बिचारी दारातच थिजली. दौलतनं घाईघाईनं दुसरी घागर कणगीमागे सरकवली. केवळबाईनं सगळं पाहिलं, आणि अर्ध्या तोंडानं हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग डाव्या हातानं तिनं खूण केली: परत नको देऊ, असू दे घरात, लागेल.

सिंधूनं तोंडात पदर कोंबला.

आणि मग तीच म्हणाली, "मांडा करूत. मांडाले माय नही म्हनाव नही."

बुडत्या घराला एवढा आधार पुरला. सगळ्यांचे चेहरे क्षणभर उजळले. मग कोकिळा हळूच म्हणाली, "करी कोन?" आणि ते क्षणभरातच विझले.

आखाजीची सकाळ उगवली. कोवळी, केशरी, निंबाच्या पानांतून गाळून आलेली. वेशीपलीकडच्या झोक्यांवरून पोरींची गाणी येत होती; जवळ यायची, दूर जायची, जवळ यायची. दौलतनं वडलांची घागर भरली. अंगणात चूल पेटली, पालथं खापर चढलं, आणि बाज उचलून चुलीपासून दहा हातांवर, निंबाच्या सावलीत ठेवली. बाज उचलताना तिच्यात कोणी निजलंय असं वाटलंच नाही.

केवळबाईनंच पाखडलेला तो गहू. त्याचं पीठ कोकिळेनं रात्रीच वस्त्रगाळ करून ठेवलं होतं. तिनं ते भिजवलं, तिंबलं, आपटलं. एकसष्ट वर्षांचे तिचे हात तेलानं माखले. पारीत पुरण भरलं, जरासं लाटलं, आणि पहिला मांडा हातावर घेतला. उजव्यावरून डाव्यावर. मधोमध भोक पडलं आणि पुरण तिच्या पायावर सांडलं.

दुसरा काठाशी फाटला. तिसऱ्याला सिंधूनं हात लावला, आणि तो अर्धा खापरावर, अर्धा जाळात गेला. जळक्या गुळाचा वास अंगणभर झाला.

कोकिळा उठून उभी राहिली. तिचे दोन्ही हात पुढे पसरलेले होते, पिठानं, तेलानं, पुरणानं लडबडलेले. त्रेचाळीस वर्षं जे पोटात होतं ते ओठांवर आलं.

"एक डाव बी तुम्हीन माले हात लावू दिधा नही, आत्याबाई. एक डाव बी नही! आते सांगा, मी कसं करू?"

दौलतनं मान खाली घातली. झोक्यावरचं गाणं जवळ आलं आणि दूर गेलं. केवळबाईच्या डोळ्यांत पाणी भरलं. ते वाहिलं, आणि या वेळी धुराचं नाव सांगायला तिच्याजवळ वाचा नव्हती.

मग तिचा डावा हात गोधडीवरून उठला. हवेत, रिकामा, तळवा वर. मनगट सैल झालं. हात किंचित कलला, किंचित वळला, थांबला, पुन्हा कलला. ओढत नव्हता तो काही. जे होतं त्याला नुसतं ओघळू देत होता.

कोकिळा बघत राहिली. तिनं नवा गोळा घेतला. पारी केली, पुरण भरलं, लाटलं, हातावर घेतलं. आणि डोळे हातांवरून काढून त्या हवेतल्या हातावर ठेवले. तो कलला, ती कलली. तो थांबला, ती थांबली. उजव्यावरून डाव्यावर, डाव्यावरून उजव्यावर. तळहाताचा वीतभर झाला. वीतभराचा हातभर होऊ लागला. पीठ ताणलं जात होतं, पातळ होत होतं, आणि फाटत नव्हतं. सासू बाजेवर, सून चुलीपाशी, मध्ये दहा हातांचं ऊन. आणि त्या उन्हात आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघी एकाच मांड्यावर काम करत होत्या.

मांडा खापरावर पडला. कडा जाड होत्या. एका अंगाला तो लांबट झाला होता, एका अंगाला पुरण गोळा झालं होतं. पण अखंड होता. हळूहळू त्याच्या पाठीवर फोड उठले, फोड एकमेकांत मिसळले, आणि तो टम्म फुगला.

सिंधूनं टाळी वाजवली. दौलत मोठ्यानं हसला आणि लगेच रडला. केवळबाईचा हात गोधडीवर उतरला. तिचा चेहरा इतका निवांत झाला होता, की सगळ्यांना वाटलं, आता. आता ती खाईल.

कोकिळेनं मांडा घडी करून पितळी ताटात घेतला. वर साजूक तूप, वाटीत ऊन दूध. बाजेच्या कडेला बसून तिनं एक तुकडा मोडला, दुधात भिजवला, मऊ केला, आणि केवळबाईच्या ओठांशी नेला.

"आत्याबाई, एक घास ल्या. मनी आन शे तुम्हले."

ओठ मिटलेले.

"मना हातना शे. एकच."

ओठ मिटलेलेच. कोकिळेचा हात तसाच राहिला. दूध बोटांवरून ठिबकलं, मनगटावरून ओघळलं, आणि हात अवघडून आपोआप खाली आला. घास ताटात पडला. ताट तिनं बाजेवर ठेवलं. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि हे तिघांनाही एकाच वेळी कळलं.

तेव्हा केवळबाईचा डावा हात हलला.

ताटाकडे नाही गेला तो. तो उजव्या हाताकडे गेला. कुशीशी पडलेल्या त्या हाताला त्यानं मनगटाशी धरलं आणि उचललं. ओझं होतं. तो हात मध्येच पडला. पुन्हा उचलला, ताटावर आणला, आणि निर्जीव बोटं त्या भिजल्या तुकड्यावर टेकली. डाव्या हातानं ती बोटं बाहेरून दाबली, एकेक करून मिटवली. घास निसटला. पुन्हा दाबली. पुन्हा निसटला. तिच्या कपाळावर घाम फुटला होता. कुणी मदतीला पुढे झालं नाही. पुढे व्हायचं नसतं, एवढं त्यांना इतक्या वर्षांत कळलं होतं.

तिसऱ्या वेळी घास बोटांत राहिला.

हात वर येऊ लागला. डाव्यानं पेललेला उजवा, उजव्यात धरलेला घास. थरथरत, हेलकावत, तसूतसूनं वर. छातीपर्यंत आला. गळ्यापर्यंत आला.

"देख वहिनी, देख! माय खाई राहिनी!" सिंधू ओरडली. दौलतनं दोन्ही हात जोडले.

हनुवटीपाशी हात थांबला. घास तिच्या ओठांपासून चार बोटांवर होता. अंगणातला वारा थांबला, झोका थांबला, चुलीतला जाळ तेवढा फुरफुरत राहिला.

आणि तो हात पुढे झाला. तिच्या ओठांवरून वळून, बाजेची कड ओलांडून, पुढे, बाहेर, कोकिळेच्या तोंडापर्यंत.

"नही, आत्याबाई. नही. तुम्ही खा. तुम्ही..."

हात हलला नाही. घास कोकिळेच्या ओठांना टेकला होता आणि केवळबाईचे डोळे तिच्या डोळ्यांत होते. स्वच्छ, शांत, आणि मागे न फिरणारे डोळे. हात खाली येऊ पाहत होता. फार वेळ पेलवणार नव्हता तो.

कोकिळेनं तोंड उघडलं.

उजवा हात गोधडीवर पडला, त्याच्यावर डावा पडला. केवळबाईनं डोळे मिटले; ओठ मिटलेलेच होते. वैशाखाचं ऊन सरकत सरकत बाजेवर आलं, तिच्या पायांवर चढलं, पोटावर चढलं. कुणी बाज हलवली नाही, कुणी हललं नाही. कोकिळा घास तोंडात धरून बसली होती. घास गोड होता, ऊन होता, दुधानं मऊ झाला होता. तो तिला थुंकवत नव्हता. तो तिला गिळवत नव्हता.